नव्या प्लांटेड टँकमध्ये शेवाळ आलंय? आधी या चुका टाळा

पहिला प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक, मी एप्रिलमध्ये लावला, तिथूनच चुकायला सुरुवात झाली. दोन फुटी टँक, पाणी साधारण 60 लिटर, घर जळगावात, आणि तळाशी मामांच्या केळीच्या बागेतली काळी माती. मातीत शेणखत मुरलेलं होतं. झाडांना बरंच, असं मला वाटलं. वरून वाळूचा पातळ थर, त्यात दहा-बारा रोपं, पाचव्या दिवशी मासे. नवव्या दिवशी पाणी घोटलेल्या पालकासारखं झालं आणि मागची काच दिसेना. मामा घरी आले, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघितलं आणि म्हणाले, “हाई काय शे रे भो, मासा शेतस का नुसती शेवाय?” आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे शेवाळाची शेवाय आणि केळीची केयी.

तेव्हा राग आला, पण खरं निदान त्यांनीच केलं. नांगरून खत टाकलेल्या रानात पाऊस पडला की आधी तण उगवतं, आणि पिकानं रान झाकलं की ते आपोआप दबतं. नवा टँकही तसाच. शेवाळाचे बीजाणू रोपांसोबत, पाण्यासोबत येतातच, ते कुणाला रोखता येत नाहीत. रोपं मुळं धरेपर्यंत आणि फिल्टरमध्ये जिवाणू बसेपर्यंत, म्हणजे पहिले सहा-आठ आठवडे, फुकटचा उजेड आणि नत्र शेवाळाच्याच वाट्याला जातं. पुढच्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत.

शेतातली माती, खतासकट

काळी माती वाईट नाही. तिच्यातली चिकणमाती अन्नद्रव्यं धरून ठेवते. घोळ शेणखताचा. पाण्याखाली ते कुजतं, अमोनिया सुटतो, आणि पाणी हिरवं करणाऱ्या तरंगत्या शेवाळाला त्याच्यासारखा खुराक नाही. माती वापरायचीच असेल तर खत न पडलेल्या बांधावरची घ्या, चाळा, बादलीत भिजवून दोन-तीनदा पाणी बदला, इंचभरच थर द्या आणि वर दीड इंच जाडसर वाळू. एकदा लावलेलं रोप उपटून दुसरीकडे लावायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी खालचा गाळ वर येतो.

दुकानातली तयार माती, म्हणजे अ‍ॅक्वासॉइलही सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाआड निम्मं पाणी बदला, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. मासे सोडायची घाई नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही टेस्टमध्ये शून्य आल्यावरच, तेही चार-पाचच. याला चार ते सहा आठवडे सहज लागतात.

पाणी हिरवं झालंच असेल, तर नुसतं बदलून ते साफ होत नाही. दोन दिवसांत पुन्हा तसंच. त्याला अंधार लागतो. तीन दिवस लाइट पूर्ण बंद, खत बंद, सीओटू (झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू) बंद, एअर पंप मात्र सतत चालू. टँक झाकायला लोक गोधडी सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात गोधडी गुंडाळलीत तर मासे उकडतील. मी मामांकडून टरबुजाच्या वाफ्यावरचा उरलेला मल्चिंग पेपर आणला, काळी बाजू आत ठेवून चारही काचांना चिकटवला आणि वर नुसतं काळं सुती कापड टाकलं, म्हणजे हवाही खेळती राहिली. मध्येच उचलून बघायचं नाही. चौथ्या दिवशी पेपर काढला तर पाणी जरा धुरकट, पण मागची काच दिसत होती. लगेच निम्मं पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळही कुजून अमोनियाच सोडतं.

उजेड: सगळ्यात महागात पडणारी चूक

नवा टँक असला की तो रात्री अकरापर्यंत पाहुण्यांना दाखवायचा असतो. दहा-बारा तास लाइट म्हणजे शेवाळाची मेजवानी. सुरुवात सहा तासांनी करा. झाडं नवी पानं काढू लागली की दर आठवड्याला अर्धा तास वाढवा, आणि आठ तासांवर थांबा. काही जण हार्डवेअरच्या दुकानातला 50 वॉटचा एलईडी फ्लडलाइट दोन फुटी टँकवर लावतात. स्वस्त पडतो हे खरं, पण सीओटू नसलेल्या टँकला तो फार होतो. असेल तर फूट-दीड फूट वर टांगा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन पडत असेल तर टँक हलवा किंवा पडदा लावा. आपलं ऊन कुठल्याही एलईडीला भारी आहे.

टायमरमध्ये एक गंमत आहे, ती कळायला मला महिना लागला. फिरत्या चकतीचा साधा टायमर वीज गेली की जागेवर थांबतो. दुपारी दोन तास भारनियमन झालं की तो दोन तास मागे पडतो. आठवड्यात तीनदा वीज गेली आणि माझा संध्याकाळी सातला बंद होणारा लाइट रात्री एकपर्यंत चालू राहिला. मी झोपलेलो, शेवाळ जागं. थोडे पैसे जास्त गेले तरी आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

वीज जाण्यानं फिल्टरचंही नुकसान होतं. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास थांबला की आतल्या जिवाणूंचा प्राणवायू संपतो आणि ते मरून कुजतात. वीज आल्यावर ती सगळी घाण टँकमध्ये येते. जास्त वेळ वीज जाणाऱ्या भागात स्पंज फिल्टर आणि इन्व्हर्टरवरचा एअर पंप एवढीच जोडी बरी. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

पाणी आणि उन्हाळा

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम भरलेला असतो. इथे ही गैरसोयच कामी येते. ड्रमचं झाकण उघडं ठेवून चोवीस तास गेले की बराचसा क्लोरीन उडून जातो. लगेच वापरायचं असेल तर क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे आहेतच. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मात्र मे महिन्यात दुपारी ओतू नका. हात भाजतो तिथे माशांचं काय.

बोअरचं पाणी जड असतं, त्यानं झाडं मरत नाहीत. व्हॅलिस्नेरिया तर त्यात जोमानं वाढतो. चूक होते ती भर घालताना. जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास गेला की पाणी थंड ठेवायला टँकवर पंखा लावावा लागतो, आणि त्यानं रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. तुम्ही रोज बोअरचंच पाणी भरत राहिलात तर महिन्याभरात टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, कुठल्या कुठे जातो, कोवळी पानं खुरटतात आणि शेवाळाला जागा मिळते. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानं करा. वॉटर चेंज नेहमीच्या पाण्यानं चालेल. घरात टीडीएस मीटर नसेल तर आरओ दुरुस्तीवाल्याकडे असतोच. शेतातल्या बोअरच्या पाण्यात खतांचं नायट्रेटही उतरलेलं असू शकतं, तेव्हा एकदा टेस्ट करून ठेवा.

बर्फाच्या बाटल्या टाकू नका. दोन तासांत पाच अंश खाली आणि पुन्हा वर, हे माशांनाही नको आणि झाडांनाही नको. कूलर चालू असलेल्या खोलीत टँक ठेवला तरी बरंच काम होतं. कोरड्या हवेमुळे आपल्याकडे कूलर चालतो छान.

रोपं कमी, तीही हळू वाढणारी

दुकानात अ‍ॅन्यूबियास आणि जावा फर्न हातात देतात, कारण ती मरत नाहीत. पण ती इतकी हळू वाढतात की नव्या टँकमधलं नत्र त्यांना संपवता येत नाही आणि त्यांच्याच पानांवर शेवाळ बसतं. पहिल्याच दिवशी तळाचा निदान दोन तृतीयांश भाग भरेल एवढी झाडं लावा, आणि त्यात भराभर वाढणारी जास्त: हायग्रोफिला, लिम्नोफिला, रोटाला, हॉर्नवर्ट. वर थोडं डकवीड किंवा सालव्हिनिया तरंगू द्या, तेवढीच सावली. टँक बसला की नको असलेली काढून टाका.

नर्सरीतून आलेली बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर त्यांची जुनी पानं पारदर्शक होऊन विरघळतात. टिश्यूकल्चरचं केळीचं रोप थेट उन्हात लावलं तर काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. घाबरून रोप फेकू नका, कुजणारी पानं तेवढी कात्रीनं काढा. नवी पानं पाण्यातलीच येतात.

शेवाळ दिसलं की खत बंद

हा सल्ला सगळे देतात आणि तो बहुतेक वेळा उलटा पडतो. खत थांबलं की आधी झाड उपाशी राहतं. शेवाळाला फार थोडं पुरतं. केळीचं जुनं पान कडेनं पिवळं पडून वाळलं की आपण पालाश कमी म्हणतो. हायग्रोफिलाच्या जुन्या पानाला बारीक भोकं पडली की तेच समजा.

दुकानातली छोटी बाटली महाग वाटत असेल तर कृषी सेवा केंद्रातलं 13:00:45 चालतं, ते पोटॅशियम नायट्रेटच असतं. एक ग्रॅम 60 लिटरला टाकलं की नायट्रेट साधारण 10 पीपीएमनं (लिटरला 10 मिलिग्रॅमनं) वाढतं, आणि कमी उजेडाच्या टँकला आठवड्याला एवढं खूप झालं. स्फुरदासाठी 00:52:34 ची अगदी चिमूट, 0.1 ग्रॅम. काचेवर हिरवे, नखानं खरवडल्याशिवाय न निघणारे ठिपके आले तर बहुधा उजेड जास्त आणि स्फुरद कमी असतं. 19:19:19 मात्र टँकच्या जवळही आणू नका. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं, म्हणजे पुन्हा माझा पालक.

सगळ्या शेवाळाला एकच औषध

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काचेवर, पानांवर तपकिरी भुकटी आली तर ते डायटम. बोटानं पुसलं की निघतं, आणि टँक जुना होत गेला की आपणहून कमी होतं. याला औषध मारणारे विनाकारण पैसे घालवतात.

हिरवे लांब धागे असतील तर जुना टूथब्रश घ्या, धाग्यांच्या झुपक्यात घाला आणि गोल गोल फिरवा. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखं सगळं ब्रशवर गुंडाळून येतं. मला हे काम आवडतं, खोटं कशाला बोला. नंतर लाइट एक तासानं कमी करा.

पानांच्या कडेला काळ्या ब्रशसारखे पुंजके म्हणजे ब्लॅक बिअर्ड. हे बहुतेकदा सीओटू कमी-जास्त होत असल्याचं लक्षण. साखर-यीस्टच्या बाटलीचा गॅस आपल्या उन्हाळ्यात सुरुवातीला भसाभस येतो आणि चार-पाच दिवसांत संपतो, मग झाडंही गोंधळतात. असा गॅस देण्यापेक्षा गॅस न देता उजेड कमी ठेवलेला बरा. जास्त माखलेली पानं कापा. उरलेल्यांवर फिल्टर बंद करून सिरिंजनं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडा आणि दहा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. प्रमाण बघून घ्या: 3 टक्क्यांचं असेल तर 60 लिटरला 15 मिलीच्या वर नको. मेडिकलवरची बाटली बहुतेकदा 20 व्हॉल्यूमची, म्हणजे 6 टक्क्यांची असते, तिचं निम्मंच घ्या.

निळसर हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून निघणारी आणि कुजका वास मारणारी साय असेल तर ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. नळीनं ओढून काढा, तिथे पाण्याचा प्रवाह वाढवा, नायट्रेट शून्य असेल तर थोडं द्या, आणि वर सांगितलेला तीन दिवसांचा अंधार. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या टाकायचा प्रयोग नको.

शेततळ्यात टाकतात म्हणून टँकमध्ये मोरचूद टाकायला सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्यातल्या तांब्यानं श्रिंप (छोटी कोळंबी) आणि गोगलगायी आधी मरतात, मॉस जातं, आणि एका रात्रीत मेलेलं शेवाळ कुजून माशांचा प्राणवायू खातं.

“एक सकर टाका, साफ करेल”

सकर मासा लहान असताना काच चाटतो, मोठा झाला की खाद्य मागतो. तो फूटभराच्या पुढे वाढतो आणि जेवढं खातो तेवढी घाण करतो. दोन फुटी टँकला नेराइट गोगलगायी किंवा अमानो श्रिंप पुरतात. या श्रिंपला ज्यांचं नाव मिळालं त्या जपानच्या, प्लांटेड टँक सजवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ताकाशी अमानोंनी शेवाळ खायला ती टँकमध्ये वापरून जगभर लोकप्रिय केली. पण पाणी 30 अंशांच्या वर राहत असेल तर श्रिंप आणू नका, टिकत नाही.

मोठा झालेला सकर मेहरूण तलावात किंवा गिरणेत सोडून मोकळं व्हायचं नाही. तो तिथे मरत नाही, वाढतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर येतो. दुकानदाराला परत द्या. उपटलेली झाडंही नाल्यात टाकू नका, वाळवून मग टाका.

टँकमधून काढलेलं शेवाळ आणि बदललेलं पाणी मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओततो. मामा हल्ली आले की टँककडे बघतही नाहीत, आधी कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडून पिशवीत टाकतात.