‘हे खरे नाही’ : आमदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नागपूरचं हिवाळी अधिवेशन, आमदार निवासातली खोली, आणि माझ्या हातात त्या दिवसाच्या प्रश्नोत्तरांची यादी. मी आमदारांसाठी लिहिलेला पहिला तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो), एका निवासी शाळेतल्या शिक्षकांच्या रिक्त पदांबद्दलचा, छापून आला होता. खाली उत्तर होतं :

(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

ती शाळा मी स्वतः पाहून आले होते. सहावीच्या वर्गातल्या फळ्यावर गणिताची जुनी तारीख तशीच होती, पोरं वहीत चित्रं काढत बसली होती. आणि विधानसभेच्या छापील कागदावर कायमचं नोंदलं गेलं, की हे खरे नाही. आमचे आमदार (मतदारसंघात सगळे त्यांना भाऊच म्हणतात, मीही तेच लिहिते) काही बोलले नाहीत. त्यांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

उत्तर महाराष्ट्रात, सातपुड्याच्या पायथ्याच्या मतदारसंघाच्या आमदारांकडे मी शिक्षण आणि सामाजिक योजनांचं काम बघते. राज्यशास्त्र किंवा समाजकार्य शिकून या कामात येऊ बघणारी मुलं-मुली मला विचारतात, म्हणून हे लिहिते आहे. लक्षवेधी म्हणजे काय, पुरवणी मागण्या कधी येतात, हे तुम्ही वाचलेलं असणार. ते सोडून देते.

माझा प्रश्न कुठे मोडला ते आधी सांगते. पहिला उपप्रश्न मी असा लिहिला होता : ‘सदर निवासी शाळेत मंजूर १४ पैकी ९ पदे जून महिन्यापासून रिक्त असून गणित व विज्ञान विषयांना शिक्षक नसल्याने विद्यार्थी शाळा सोडून जात आहेत, हे खरे आहे काय?’

वाचायला जोरदार. मला तर त्या वाक्याचा अभिमान वाटत होता. पण या एका वाक्यात पाच दावे आहेत. मंजूर पदं १४ हा आकडा आदल्या वर्षीचा होता, नव्या संचमान्यतेत (पटसंख्येवरून शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या यादीत) ती १३ झाली होती. रिक्त पदं ९ नव्हती, ८ होती. त्यातलं एक पद जूनमध्ये नाही, ऑगस्टमध्ये रिकामं झालं होतं. मुलं ‘शाळा सोडून’ गेली नव्हती, त्यांची नावं हजेरीपटावर होती, ती दिवाळीपासून घरीच होती. खरा निघाला फक्त पाचवा दावा, शिक्षक नसल्याचा, आणि जीव त्यातच होता. पण विचारलं होतं ते सबंध वाक्याबद्दल. सबंध वाक्य खरं नव्हतं. उत्तर लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असं मी म्हणू शकत नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आता त्याहून मोठी चूक. दुसरा, तिसरा, चौथा, तिन्ही उपप्रश्नांची सुरुवात मी ‘असल्यास’ नाहीतर ‘नसल्यास’ने केली होती. असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास काय कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. जुन्या याद्या उघडल्या की सगळे प्रश्न असेच दिसतात, म्हणून मीही तसंच लिहिलं. ‘असल्यास’ हा शब्द मागच्या उपप्रश्नाला दोरीने बांधलेला असतो. पहिला पडला की दोरीला बांधलेले सगळे पडतात, आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर ते मिटवता येतात.

म्हणून आता मी असं लिहिते. एक उपप्रश्न, एकच गोष्ट. ‘सदर शाळेत गणित विषयाच्या नियमित शिक्षकाचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय?’ त्याखाली, ‘तसेच विज्ञान विषयाच्या नियमित शिक्षकाचे पद रिक्त आहे, हेही खरे आहे काय?’ हा ‘हेही’ स्वतःच्या पायावर उभा असतो, पहिला पडला तरी तो पडत नाही. मग ज्याला हो-नाही उत्तरच देता येत नाही असा एक : ‘या शाळेतील मंजूर, कार्यरत व रिक्त पदांची पदनिहाय संख्या किती आहे?’ आकडा मी सांगत नाही, त्यांच्याकडून मागते. ‘असल्यास’ अगदी शेवटी, कार्यवाहीपुरता. आणि ‘नियमित’ हा शब्द विसरू नका. तासिका तत्त्वावर आठवड्यातून दोन दिवस कोणी येत असेल तर ‘अध्यापन सुरळीत सुरू आहे’ असं उत्तर येऊ शकतं.

हे मी लांबवते आहे, मला माहीत आहे. पण एका अधिवेशनात गेलेला प्रश्न पुढच्या अधिवेशनापर्यंत परत येत नाही, आणि सहावीतल्या पोराचं तेवढं वर्ष गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट, खातं. शाळा दिसली की शालेय शिक्षण मंत्र्यांना प्रश्न, असं नसतं. शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा आदिवासी विकासकडे. विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याणकडे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षणची, पण तिथल्या गुरुजींच्या बदल्या ग्रामविकासच्या अखत्यारीत. एक तक्ता करून भिंतीवर लावा.

अंतर हा तर वेगळाच विषय आहे. राज्याच्या २०११च्या शिक्षण हक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा २०२३मध्ये सुरू झाली, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचं उदाहरण दिलं जात होतं. तिथे वसतिगृह आहे, मुलं राहतात. पण ज्या पाड्यावरून मूल रोज चालत येणार, तिथे नकाशावरचं अंतर धरायचं की पायवाटेचं? मी एका पाड्यावरून शाळेपर्यंत चालले. नकाशावर ९०० मीटर. पायी पाऊण तास, मध्ये नाला, आणि श्रावणात तो नाला मोठ्या माणसाच्या कमरेला लागतो. प्रश्नात ‘प्रत्यक्ष चालण्याच्या मार्गाने’ हे शब्द घालायला मी त्या नाल्यात शिकले.

बहुतेक दिवस मात्र सभागृहाचे नसतात. ते सकाळी आठपासून दारात बसलेल्या माणसांचे असतात. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, वसतिगृहाचा प्रवेश, स्वयम् योजनेचा (वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीचा) अडकलेला हप्ता, जातवैधता. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. एक आजी तीन वेळा परत गेल्या, कारण दाखल्यावर नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. माझ्याआधी जो होता त्याने तीनदा फोन लावून ‘आजी, काम व्हई जाई’ म्हणून पाठवलं होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी बघितलेच नव्हते. फोन हा या कामातला सर्वांत वाईट शॉर्टकट आहे. आमदारांच्या कार्यालयातून फोन गेला की समोरचा ‘हो’ म्हणतो, आणि आपण काम झालं समजतो. पत्र द्या, पोच घ्या, आवक क्रमांक वहीत लिहा.

दुसरा शॉर्टकट पेपरच्या कात्रणाचा. बातमी आली की तीच प्रश्नात उतरवून द्यायची. कात्रण वाईट नाही, त्यामुळे गावाचं नाव तरी कळतं. पण बातमीतला आकडा तुमचा नाही. तिथे जा, हजेरीपट बघा, मुख्याध्यापकांशी आधी पोषण आहाराबद्दल बोला, पदांबद्दल मग. शासन निर्णय कोणी तोंडी सांगितला तर त्याचा संकेतांक विचारा आणि स्वतः उघडून वाचा.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत जरा कडक आहे. मुंबई-पुण्याच्या कार्यशाळांत धोरणावर बोलणारे पुष्कळ भेटतील. मला शिकवलं ते आमच्या कार्यालयातल्या जुन्या स्वीय सहायकांनी, आप्पांनी. त्यांना इंग्रजी अहवाल वाचता येत नाही. पण कुठली फाइल कुठल्या टेबलावर थांबते ते त्यांना ठाऊक असतं, आणि कक्ष अधिकाऱ्याशी ते बसून, पाणी पिऊन बोलतात. त्या नागपूरच्या रात्री त्यांनीच माझा प्रश्न लाल पेनाने पाच ठिकाणी तोडून दाखवला. असा माणूस असलेलं कार्यालय मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी जा. पगार खरोखरच कमी असतो, तो वेळेवर मिळेल असंही नाही, घरी आधीच सांगून ठेवा. आणि आमदार निधीच्या ५ कोटींवर मोठी स्वप्नं बांधू नका. त्यातून वर्गखोली होते, शिक्षक होत नाही.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. भाषा येते. दोन अधिवेशनांत येते. मला आली, आणि मी मराठी माध्यमातून तालुक्याच्या कॉलेजात शिकलेली आहे. चूक झाली तर आमदारांना आपणच आधी सांगायचं, दुसऱ्याकडून कळू द्यायचं नाही. मी त्या रात्री भाऊंना सगळं सांगितलं, कुठला आकडा कुठून घेतला तेही. ते म्हणाले, ‘परत जा, नीट मोजून ये.’

मी परत गेले. नवी संचमान्यता मुख्याध्यापकांकडून पाहून घेतली, प्रत्येक पदासमोर तारीख लिहिली. पुढच्या अधिवेशनात प्रश्न पुन्हा लागला. गणित : होय, हे खरे आहे. विज्ञान : होय, हे खरे आहे. भाऊंनी सभागृहात उभं राहून पूरक प्रश्न विचारला आणि पदं भरण्याचं आश्वासन कामकाजात नोंदलं गेलं. गणिताच्या मॅडम आता रुजू झाल्या आहेत. विज्ञानाची जागा अजून रिकामी आहे. येत्या अधिवेशनासाठी तो प्रश्न कालच पाठवला, सहा उपप्रश्नांचा.