मावा खाणाऱ्या मित्रकीटकांसाठी फुलझाडे

ढालकिडा (लेडीबर्ड), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट कीटक), सिरफिड माशी (फुलांवर घिरट्या घालणारी माशी) आणि बारीक परोपजीवी गांधीलमाश्या भाजीवरची मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) यांसारखी कीड आटोक्यात ठेवतात. पण सिरफिड माशीची अळीच मावा खाते, प्रौढ माशी जगते मध आणि परागावर. म्हणून फुले हवीत, आणि तीही उथळ, कारण या कीटकांची तोंडे आखूड असतात.

सर्वांत भरवशाची कोथिंबीर, शेपू आणि बडीशेप. धणे रगडून दोन भाग करा, 1 ते 2 सेंमी खोल पेरा. काही रोपे कापणीसाठी न वापरता फुलोऱ्यावर जाऊ द्या. पुन्हा दर 15-20 दिवसांनी थोडे पेरत राहा. एकदाच पेरले तर फुले एकदमच संपतात आणि कीटक निघून जातात. जोडीला कॉसमॉस किंवा एकेरी पाकळीचा झेंडू लावा. भरगच्च झेंडू देखणा खरा, पण त्यात मध-पराग मिळणे कठीण. झाडे वाफ्याच्या कडेला, भाजीपासून एक-दोन मीटरच्या आत ठेवा.

मावा दिसताच फवारणी करू नका. खाद्यच नसेल तर ढालकिडा अंडी घालणार कुठे? त्याची काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी अळी अनेकजण कीड समजून चिरडतात. हे नुकसान फार वाईट, कारण मावा फस्त करण्यात तीही आघाडीवर असते.

मुंग्यांकडेही लक्ष द्या. माव्याच्या गोड स्रावासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात.