दूरच्या कॉम्प्युटरचा आवाज आणि फायली : या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमची रेकॉर्डिंगची खोली आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. तिथल्या कॉम्प्युटरची देखभाल मी मनीषनगरच्या घरून करतो, पायकेव्हीएममधून. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालणारं हे यंत्र दूरच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस इंटरनेटवरून आपल्या ब्राउझरमध्ये आणतं. मे महिन्याच्या उन्हात दुपारी शहर ओलांडायची गरज त्यामुळे पडत नाही.

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे हे यंत्र एनीडेस्कसारखं, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरसारखं आहे असं समजणं. एनीडेस्क विंडोजच्या आत चालतं. हे यंत्र बाहेर बसतं. समोरच्या कॉम्प्युटरला फक्त एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माऊस आणि एक पेनड्राइव्ह दिसतो. काहीही अडलं की आधी विचारायचं, त्या कॉम्प्युटरला या घडीला नेमकं काय दिसतंय?

आवाज येत नाही

खोलीतल्या मुलाचा फोन आला होता, "भाऊ, इकडे तर आवाज बरोबर येऊन राहिला, तुमच्याकडेच कसा नाही येत?" उत्तर त्याच्याच वाक्यात होतं. विंडोजचा आवाज हेडफोनच्या यूएसबी साउंड कार्डाकडे जात होता, यंत्राकडे चित्र आणि आवाज आणणाऱ्या एचडीएमआय तारेकडे नाही. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून एचडीएमआयचा मॉनिटर निवडला आणि आवाज आला.

तो मॉनिटर यादीतच नसेल तर ईडीआयडी तपासा. मॉनिटर (इथे आपलं यंत्र) जोडला की तो आपली माहिती कॉम्प्युटरला देतो, तीच ईडीआयडी. त्यातच "मला आवाजही चालतो" हे लिहिलेलं असतं. ती नोंद नसली तर विंडोज एचडीएमआयवर आवाज पाठवतच नाही. जुन्या कॉम्प्युटरला व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर लावला असेल, तर व्हीजीएच्या तारेत आवाज मुळातच नसतो. कन्व्हर्टरला आवाजाची वेगळी पिन जोडावी लागते.

इथपर्यंत ठीक असेल तर ब्राउझरकडे वळा. यंत्राकडून व्हिडिओ येण्याचा एक प्रकार एमजेपीईजी, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, त्यात आवाज नसतो. व्हिडिओचा प्रकार बदलून आवाजही आणणारा वेबआरटीसी करा आणि आवाजाची पट्टी शून्यावर नाही ना, ते पाहा.

आणि काम झालं की आउटपुट परत हेडफोनवर आणा. मी एकदा हे विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचन करणाऱ्या काकू हेडफोन लावून बसल्या आणि त्यांना स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकूच येईना. पाऊण तास त्यांनी पिना काढून घालून पाहिल्या, शेवटी घसा दुखत असताना आलेल्या त्या तशाच परत गेल्या. तेव्हापासून माझ्या टेबलावरच्या वहीत "आउटपुट परत" ही ओळ रोज असते आणि त्यापुढे टिक केल्याशिवाय मी लॉगआउट करत नाही.

फाइल पाठवताना

फाइल ओढून स्क्रीनवर टाकली म्हणजे तिकडे पोहोचली, असं इथे होत नाही. फाइल एका डिस्क इमेजमध्ये (अख्खी डिस्क सामावणाऱ्या एका फायलीत) भरायची, ती यंत्रावर चढवायची आणि मग जोडायची. सीडी-रॉम म्हणून जोडली तर समोरून फक्त वाचता येते. तिकडून काही आणायचं असेल तर फ्लॅश प्रकार निवडा आणि लिहिण्याची परवानगी चालू करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विंडोजमध्ये इजेक्ट न करता ड्राइव्ह यंत्राकडून तोडणं. विंडोजने फाइल कॉपी झाली म्हटलं तरी काही मजकूर अजून लिहायचा बाकी असू शकतो. आधी विंडोजमधून इजेक्ट, मग यंत्रावरून डिस्कनेक्ट, हाच क्रम पाळा. ड्राइव्ह दिसतच नसेल, कीबोर्डही चालत नसेल, तर यंत्र आणि कॉम्प्युटर जोडणारी यूएसबी केबल फक्त चार्जिंगची नाही ना ते बघा. सीताबर्डीवरून घाईत आणलेल्या केबलीत ती हमखास निघते.

आकाराचा हिशेबही आधी करा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी होते. १० एमबीपीएसच्या अपलोडवर तेवढ्याला साडेआठ मिनिटं तरी लागतात. फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या इमेजमध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, तिथे एक्सफॅट ही पद्धत घ्या. माझं स्पष्ट मत असं की विंडोज नीट चालू असेल तर रोजच्या रेकॉर्डिंगसाठी साधा क्लाउड फोल्डरच वापरावा. पायकेव्हीएमचा ड्राइव्ह राखून ठेवावा तो विंडोज उठत नाही त्या दिवसासाठी. मोठी आयएसओ (विंडोज इन्स्टॉल करायच्या डिस्कची इमेज) चढवली की एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचली का ते सांगणारा आकडा, मूळ फायलीशी जुळवा, कारण अर्धवट चढलेल्या फायलीवरून इन्स्टॉल सुरू केलं तर ते मध्येच अडकतं.

मराठी मजकूर पेस्ट करताना

पेस्ट केलेला मजकूर यंत्र एकेक कळ दाबल्यासारखा पाठवतं, त्यामुळे देवनागरी त्यातून जात नाही. पुस्तकाचं शीर्षक, प्रकरणांची नावं हे सगळं यूटीएफ-८ (देवनागरी नीट जपणाऱ्या प्रकारच्या) टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ड्राइव्हवरून न्या. उलट बाजूही सांभाळा. तिकडे इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असेल तर इथून पाठवलेलं "kl" तिथे "कत" उमटतं. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, म्हणून ही गडबड लवकर कळत नाही. आधी नोटपॅड उघडून "kl" टाइप करून बघा, मगच पासवर्डला हात घाला.