ऑर्डरी भरपूर, पण हात कुणाचा? चित्रकारांनो, या चुका टाळा

आपल्या कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात चित्रं लागली की दोन-चार जुनी मंडळी हमखास फिरताना दिसतात. सहीकडे न बघता ती लांबूनच सांगतात, "हा अमक्याचा हात." आजकाल ज्याला ब्रँड म्हणतात तो हाच. तो घालवायला एखादं वाईट चित्र पुरत नाही, त्याला वर्ष-दोन वर्षांच्या ऑर्डरी लागतात, आणि जातोय तेव्हा कळतही नाही.

आधी तपासून बघा. गेल्या वर्षभरातली दहा-बारा कामं मोबाईलवर एकत्र लावा, सही झाका आणि चित्रकलेशी संबंध नसलेल्या एखाद्याला दाखवा. "ही किती जणांनी काढलीत?" एवढंच विचारा. उत्तर चार-पाच आलं तर पुढचं वाचा.

"करून देतो की!"

ही चूक सगळ्यात मोठी, आणि आपल्या गावातल्या भिडस्तपणाला शोभणारी. रात्री साडेदहाला मेसेज येतो: "साहेबांचा वाढदिवस हाय रविवारी. तीन बाय चार फूट. मागं पन्हाळा, बाजूला वाघ. आणि हे असं पायजे." खाली भलत्याच चित्रकाराचं चित्र. विसार लगेच पाठवायची तयारी. महिनाअखेर असते, बोटं आपोआप "हो दादा" टाईप करतात.

ऑर्डर घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. घर चालवायचं असतं. पण कुठं वाकायचं आणि कुठं नाही, हे मेसेज यायच्या आधी ठरलेलं पाहिजे. आकार, फ्रेम, माऊंट, अर्पणपत्रिकेची ओळ, मागं पन्हाळा की रंकाळा, हे सगळं गिऱ्हाइकाचं. रंगांची निवड, ब्रशची पद्धत, चेहरा किती गुळगुळीत करायचा, हे तुमचं. मग उत्तर असं जातं: "दादा, साहेबांचं पोर्ट्रेट करतो, पन्हाळाही घेतो. पण पाठवलंय तसं नाही, माझ्या पद्धतीनं. जुनी तीन कामं पाठवतो, आवडली तर बोलू. रविवार जमणार नाही, चांगल्या कामाला दिवस लागतात." यातली निम्मी माणसं परत फोन करतात. उरलेल्यांना चित्रकार नकोच होता, फ्लेक्सवाला हवा होता. (वाघाचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा.)

स्वतःशी प्रामाणिक राहायचं म्हणजे जन्मभर एकच विषय घोटायचा, असाही एक गैरसमज आहे. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री, पेंटर हे नाव कामानं चिकटलं. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पं घडवली, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली तिचा पहिला सिनेमा पडद्यावर आणला. माध्यम बदलत गेलं, नजर तीच राहिली. म्हणून म्युरल, म्हणजे भिंतीवरचं चित्र, घ्या, लग्नातलं लाईव्ह पेंटिंग घ्या, पण बघणाऱ्याला तुमची नजर सापडू द्या.

कागदावर काहीच न ठेवणं

हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलंत आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा. उद्या तेच चित्र कॅलेंडरवर, मिठाईच्या खोक्यावर छापलेलं दिसलं तर भांडायला जागा फारशी उरत नाही. चित्रकार म्हणून नाव लावण्याचा आणि चित्राची मोडतोड करून तुमची बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा हक्क कलम 57 खाली राहतो, पण छपाईचा पैसा गेला तो गेला.

उपाय सोपा आहे. विसार घेतानाच लिहून घ्या: "मूळ चित्र आपलं, कॉपीराइट चित्रकाराचा, छपाईसाठी वेगळी परवानगी." खाली दोघांच्या सह्या. कुणाला हक्क विकलेच तर तेही लेखी, आणि मुदत लिहून. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

आणि हाच न्याय उलटाही लावा. नेटवर सापडलेला पंचगंगा घाटाचा फोटो जसाच्या तसा रंगवून खाली आपली सही ठोकू नये.

नावाला न शोभणारा माल

चित्र दिवाणखान्यात वीस वर्षं तुमचं नाव सांगत बसणार. ट्यूबवर रंगाचं नाव काहीही असो, पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा, नंबर वाचा. पीआर 83, म्हणजे अस्सल ॲलिझरिन क्रिमसन, उजेडात उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोनचा लाल घ्या. जलरंगाला 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात, म्हणून फ्रेमच्या मागं खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळू द्या. काचेला कागद टेकू देऊ नका, मध्ये माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. प्रिंट विकत असाल तर प्रिंट म्हणूनच विका. प्रिंटवर चार फटकारे मारून "ओरिजिनल" म्हणणारे एकदा कळले की गावभर कळतात.

प्रत्येक चित्रात कोल्हापूर कोंबणं

फेटा, पैलवान, चप्पल, साज, तांबडा रस्सा. एका चित्रात सगळं. पर्यटकाला आवडतं, खपतंही, पण उद्या कुणीही तेच काढू शकतो. जुने चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवत राहिले. ती पाण्यावरची सकाळ बघताना गावाच्या नावाची पाटी लागत नाही. तुमच्या गल्लीत संध्याकाळी पाचला उन्हाचा रंग कसा असतो, एवढं जरी नीट पकडलंत तरी कोल्हापूर आलं.

माणूस बघून रेट

मित्राला दोन हजार, डॉक्टरांना आठ, तेही एकाच आकाराला. दोघं एका लग्नात भेटतात. चौरस इंचावर दर ठरवा, सूट द्यायची तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट दाखवा.

गाडी आधीच घसरली असेल तर

हातातल्या ऑर्डरी शब्द दिल्याप्रमाणे पुऱ्या करा, मध्येच सोडू नका. मात्र त्यांचे फोटो पेजवर टाकणं आजपासून बंद, कारण जे दाखवाल त्याच्याच ऑर्डरी येतात. जुन्या पोस्टही आवरून घ्या. नको असलेल्या प्रकारच्या कामाचा दर वाढवा, थोडा नाही, चांगला दीडपट. आलंच तर पैसे तरी मिळतील. त्या पैशातून सुटणारे दिवस कुणीही न मागितलेल्या चित्रांना द्या. अशी आठ-दहा चित्रं झाली की तीच फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा. पुढच्या वेळी "काय काय करता तुम्ही?" असं कुणी विचारलं, तर यादी न सांगता तीच पुढं करा.