अनिश्चित काळात मोठा निर्णय पुढे कसा ढकलावा

नागपुरात बेसा किंवा मनीषनगरात फ्लॅट घेणे, नोकरी सोडून धंदा सुरू करणे, मुलीला शिक्षणासाठी परदेशी पाठवणे, वडिलोपार्जित शेत विकणे, स्वेच्छानिवृत्ती घेणे, अशा एखाद्या निर्णयाच्या तोंडावर निवडणुका आल्या, व्याजदर हलू लागले किंवा कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली, की घरातले कोणी तरी वडीलधारे म्हणते, "सध्या थांबू या." हा सल्ला बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो आणि तो देणाऱ्यांनी अशा काळाचे चटके स्वतः सोसलेले असतात. मात्र कशासाठी थांबायचे, कधीपर्यंत थांबायचे आणि थांबण्याची किंमत किती, या तीन गोष्टी त्याच बैठकीत ठरल्या नाहीत तर त्या निर्णयाचे भिजत घोंगडे होते आणि दोन-तीन वर्षांनी घरात त्यावरून एकमेकांना दोष देणे सुरू होते. म्हणून थांबणे हाही एक निर्णयच आहे असे मानून तो तितक्याच काळजीने कसा घ्यावा, हे येथे मांडले आहे.

सर्वप्रथम, ज्या बातमीमुळे आपण थांबू पाहतो आहोत ती आपल्या निर्णयाला नेमकी कोठून येऊन भिडते, हे शोधावे. बातमीचा परिणाम आपल्या उत्पन्नावर होणार आहे, कर्जाच्या व्याजावर होणार आहे, वस्तूच्या किमतीवर होणार आहे की एखाद्या सरकारी परवानगीवर किंवा व्हिसावर होणार आहे, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्यातील कामगाराच्या दृष्टीने ती थेट पगाराची बातमी होती, आणि त्याने गृहकर्जाचा अर्ज काही महिने बाजूला ठेवला असेल तर ते योग्यच होते. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतील कायम शिक्षिकेने त्याच बातमीने घाबरून घर घेणे थांबवले असेल तर तिच्या भीतीला आधार नव्हता. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराचे मात्र वेगळे आहे. बांगलादेशने संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेल्यापासून तिकडच्या सरकारी निर्णयाचा फटका थेट त्याच्या बागेला बसतो, त्यामुळे त्याने ढाक्याच्या बातमीकडे लक्ष ठेवणे आवश्यकच आहे. ज्या बातमीचा आपल्या निर्णयाशी असलेला सांधा एका वाक्यात लिहिता येत नाही, ती बातमी थांबण्याचे कारण होऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर पाहायचे ते हे की, ज्या घटनेची वाट पाहायची तिला तारीख आहे का. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून जीएसटीत सवलत देण्याची घोषणा झाली, सप्टेंबरच्या सुरुवातीला दर जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरपासून छोट्या मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या पाच आठवड्यांत ज्यांनी गाडीची खरेदी रोखून धरली, त्यांचे थांबणे सार्थकी लागले, कारण घोषणा अधिकृत होती आणि वाट पाहण्याचा काळ थोडा होता. याच्या उलट उदाहरण आपल्याच शहरात आहे. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि "आता निवडणूक होऊन नवे पदाधिकारी बसले की आपल्या भागाचे चित्र स्पष्ट होईल, मग प्लॉटचे बघू" असे ठरवून जे थांबले, त्यांना ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे प्रत्यक्ष मतदानासाठी १५ जानेवारी २०२६ पर्यंत वाट पाहावी लागली. जवळजवळ चार वर्षे! घटनेला तारीख नसेल तर आपण आपली तारीख लावावी: "निवडणूक झाल्यावर" असे न म्हणता "निवडणूक होवो अथवा न होवो, येत्या दिवाळीनंतर" असे म्हणावे.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घरोघरी तोच विचारायचा राहतो: हा निर्णय घेतल्यावर माघारी फिरता येईल का? वर्धा रोडवर भाड्याने घर घेऊन राहून पाहता येते आणि नाही जमले तर सोडता येते. रजिस्ट्री झालेला प्लॉट परत करता येत नाही. बिनपगारी रजा घेऊन धंद्याची चाचपणी करता येते; राजीनामा मंजूर झाल्यावर तीच खुर्ची बहुधा परत मिळत नाही. विकलेले शेत तर पुन्हा हाती येत नाही, मग ते विकण्याचे कारण कितीही खरे असो. म्हणून मोठ्या निर्णयाचे तुकडे पाडावेत, माघारी फिरता येईल असे तुकडे आजच सुरू करावेत आणि केवळ न परतणारा तुकडा पुढे ढकलावा. सीताबर्डीत दुकान टाकण्याची इच्छा असलेल्या नोकरदाराने राजीनामा थांबवावा, पण घाऊक व्यापाऱ्यांशी बोलणे, सुटीच्या दिवशी एखाद्या ओळखीच्या दुकानात बसून विक्री आणि उधारी कशी चालते ते पाहणे, जीएसटी नोंदणीची माहिती घेणे, हे कशाला थांबवावे? असे केल्याने थांबण्याचा काळ वाया जात नाही, आणि पुष्कळदा त्या छोट्या तुकड्यांमधूनच कळते की मूळ निर्णय आपल्याला मानवणारा आहे की नाही.

आता थांबण्याच्या किमतीविषयी, कारण येथे अंदाज चालत नाही, आकडेच मांडावे लागतात. समजा, ३० लाखांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी घ्यायचे आहे. व्याजदर ७ टक्के असेल तर मासिक हप्ता सुमारे २३,२५९ रुपये येतो आणि दर ९.५ टक्के झाला तर तोच हप्ता सुमारे २७,९६४ रुपये होतो. अडीच टक्क्यांचा हा फरक काल्पनिक नाही: रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, मे २०२२ पासून तो वाढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर पोहोचला, आणि बदलत्या दराचे गृहकर्ज असलेल्यांचा हप्ता किंवा मुदत त्याबरोबर वाढली. त्यामुळे वाढीव हप्ता आज पगारातून निघत असेल तर केवळ व्याजदराच्या भीतीने थांबण्याची गरज नाही. निघत नसेल तर दर कमी असतानाही थांबावे. दुसऱ्या बाजूला थांबण्याच्या काळातील घरभाडे, रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे, दर बदलले तर (ते साधारणपणे १ एप्रिलला बदलतात) वाढणारे मुद्रांक शुल्क आणि फ्लॅटच्या किमतीतील संभाव्य वाढ यांची बेरीज लिहावी. या दोन आकड्यांची तुलना केल्याशिवाय "थांबलेले बरे" किंवा "घेऊन टाकलेले बरे" यांपैकी काहीच म्हणू नये. अनिश्चित काळ प्रत्येकाला तोट्याचाच असतो असेही नाही. करोनाच्या काळात, १ सप्टेंबर २०२० ते ३१ डिसेंबर २०२० या दरम्यान महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के सवलत होती. ज्यांचे उत्पन्न सुरक्षित होते आणि कागदपत्रे तयार होती, त्यांना तिचा लाभ घेता आला.

एवढे झाल्यावर हे सर्व एका कागदावर उतरवावे. घरातील जुन्या डायरीचे एक पान पुरेसे आहे. त्यावर वर निर्णय लिहावा, उदाहरणार्थ "बेसा येथे दोन बेडरूमचा फ्लॅट". त्याखाली कारण: "कंपनीचे अमेरिकेतील काम कमी होत आहे, वार्षिक करार फेब्रुवारीत नव्याने होणार." त्याखाली तारीख: "१५ मार्च." त्याखाली खूण, म्हणजे काय घडले की पुढे जायचे: "करार झाला आणि पगार मागील वर्षाइतका राहिला." त्याखाली उलट खूण, म्हणजे काय घडले की विचार सोडून द्यायचा: "विभाग बंद झाला किंवा पुण्याला बदली झाली." शेवटी किंमत: "दरमहा १४,००० रुपये भाडे, सहा महिन्यांचे ८४,०००." या पानावर पती-पत्नी दोघांनी, आणि पैसा आईवडिलांचा असेल तर त्यांनीही, सही करावी. सहीचा आग्रह काहींना जास्तीचा वाटेल, पण "मी तेव्हाच म्हणत होतो" हे वाक्य तिच्यामुळे घरात येत नाही. बागायतदाराने तारीख कॅलेंडरवरून न लावता बहारावरून, म्हणजे संत्र्याच्या पिकाच्या हंगामावरून, लावावी: आंबिया बहाराचे पैसे हातात पडले की बैठक, आणि मृग बहार धरलेला असेल तर त्यानंतर.

थांबण्याच्या काळात करायची कामे पुष्कळ आहेत. खासगी नोकरी असेल तर घरखर्च आणि चालू हप्ते धरून किमान सहा महिन्यांची रक्कम वेगळी काढावी, आणि ती ठेवताना हे लक्षात घ्यावे की बँकेतील ठेवींना प्रति ठेवीदार, प्रति बँक ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, ते सहकारी बँकांनाही लागू आहे, पण पतसंस्थांना नाही. अर्धा-एक टक्का अधिक व्याजासाठी अडीअडचणीचा पैसा पतसंस्थेत ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्लॉट घ्यायचा असेल तर सातबारा, मंजूर लेआउटचा नकाशा आणि नागपूर सुधार प्रन्यासचे नियमितीकरणाचे पत्र, ज्याला आपल्याकडे सगळे 'आरएल' म्हणतात, ते या निवांत काळात वकिलाकडून तपासून घ्यावे. ऐन सौद्याच्या घाईत हीच तपासणी अर्धवट राहते. फ्लॅट बांधकामाधीन असेल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील नोंदणी क्रमांक, काढून त्याच्या संकेतस्थळावर त्याची मुदत आणि त्यावरील तक्रारी पाहाव्यात. रेरा कायद्यानुसार विक्रीचा करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, त्यामुळे "भाव वाढण्याआधी निम्मे भरून ठेवा" असे कोणी म्हणत असेल तर तेथून उठून यावे. परदेशी शिक्षणाच्या बाबतीत प्रवेशाची आणि कर्जमंजुरीची प्रक्रिया चालू ठेवून पैसे भरण्याचा टप्पा तेवढा शेवटी ठेवता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी (तेथे नोकरी करण्यासाठीचा व्हिसा) अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावल्यानंतर, "तेथेच नोकरी लागेल आणि कर्ज फिटेल" या एकाच गृहीतावर उभा असलेला बेत पुन्हा मांडायला हवा: हे कर्ज नागपूरच्या मिहान प्रकल्पातील किंवा पुण्यातील पगारातून फिटते का, हे पाहावे, आणि फिटत नसेल तर कर्जाची रक्कम किंवा देश बदलावा.

काही गोष्टी मात्र कोणत्याही सबबीवर थांबवू नयेत. आरोग्य विमा हे त्याचे ठळक उदाहरण. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, पण तो पॉलिसी घेतल्याच्या दिवसापासून मोजला जातो, म्हणजे विमा लांबणीवर टाकला तितके संरक्षणही लांबते. आणि नोकरी जाण्याची भीती असेल तर कंपनीचा समूह विमाही जाणार असतो, म्हणून तेव्हा स्वतःची पॉलिसी घेण्याची निकड अधिक. डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया आणि मुलांचे शाळाप्रवेश यांनाही हेच लागू आहे. मूल होऊ देण्याचा निर्णय अर्थात त्या दोघांचा आहे, तथापि वय पस्तिशीकडे झुकले असेल तर "परिस्थिती निवळू दे" असे म्हणण्यापूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा.

आपल्या थांबण्यात दुसरी बाजू गुंतलेली असेल तर तिला वेळेवर आणि तारखेसह सांगणे हे आपले कर्तव्य आहे. ठरलेले लग्न पुढे न्यायचे असेल तर फोनवर मोघम बोलू नये. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसावे, नोकरीतील अडचण असेल तर ती मोकळेपणाने सांगावी आणि तुळशीच्या लग्नानंतरचा किंवा अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा काळ तेथेच नक्की करावा. चातुर्मासामुळे काही महिने तसेही थांबावे लागते, त्याचा आधार घेतला तर दोन्हीकडचे नातेवाईकही समजून घेतात. मात्र विवाहनोंदणी करून साधे लग्न लावता येत असेल आणि केवळ मोठ्या समारंभाचा खर्च झेपत नसेल, तर लग्न पुढे न ढकलता समारंभच पुढे ढकलावा. प्लॉटचा बयाणा दिलेला असेल तर मुदत वाढवल्याचे विक्रेत्याकडून लिहून आणि साक्षीदारांच्या सह्यांनिशी घ्यावे, कारण तोंडी दिलेली मुदतवाढ भाव चढताच कोणालाही आठवत नाही.

ठरलेली तारीख आली की ते पान काढून सर्वांनी बसावे. त्या दिवशी पुढे जाणे, विचार सोडून देणे किंवा एकदाच मुदत वाढवणे, हेच तीन पर्याय ठेवावेत. मुदत वाढवायची झाल्यास नवे कारण लिहावे लागेल, आणि पानावर तेच जुने कारण पुन्हा येत असेल तर आपल्याला मुळात ती गोष्ट करायची आहे का, हे घरात उघडपणे विचारावे. विचार सोडून द्यायचे ठरले, तर त्याच आठवड्यात त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेचे काय करायचे ते ठरवावे आणि दलालाला, बिल्डरला किंवा स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला तसे स्पष्ट कळवावे.