एवे लोकांच्या (पश्चिम आफ्रिकेत, घाना-टोगोत राहणाऱ्या) मौखिक परंपरेवर काम सुरू करताय? आधी हे वाचा

नोत्सेची, म्हणजे आजच्या टोगोतल्या त्या गावातून एवे कसे निसटले याची गोष्ट तुम्ही वाचली असणारच. जुलमी राजा आगोकोली, गावाभोवती मातीची जाडजूड भिंत, बायकांनी धुण्याभांड्याचं पाणी एकाच जागी ओतून ती भिजवली, रात्री ढोल वाजवत ठेवून लोकांनी भिंत फोडली आणि उलट्या पावलांनी पसार झाले, म्हणजे माग काढणाऱ्याला वाटावं की पावलं आत चाललीयत. इतकी भारी गोष्ट की माणूस भाळतोच.

मी पण भाळले. टोगोमधे ऐका, घानात किनाऱ्यावरच्या आन्लोंकडे (एव्यांचाच एक गट) ऐका नाहीतर आतल्या भागात 'हो' नावाच्या शहराकडे, सगळे साधारण तेच सांगतात, म्हणजे तीन स्वतंत्र पुरावे झाले ना? नाही झाले! ब्रेमेनचे जर्मन मिशनरी 1847 पासून त्या भागात होते, त्यांनी या गोष्टी लिहून घेतल्या, त्यांच्यातल्याच याकोब श्पीटचा जाडा ग्रंथ 1906 ला आला, आणि मिशनच्या शाळांतून 'आपण सगळे एवे, नोत्सेहून आलेले' हे पोरांना शिकवलं गेलं. ती पोरं पुढे आजोबा झाली. आता आजोबा सांगतायत ते त्यांच्या आजीचं की मास्तरांचं, हे कसं ओळखणार? दहा जणांचं जुळलं तरी मूळ एकच पुस्तक असू शकतं. परत सांगते, जुळणं म्हणजे पुरावा नाही. त्यात आन्लोंचा होग्बेत्सोत्सो सण, ज्यात या पलायनाची आठवण दरवर्षी जागवतात, तो 1962 पासूनचा आहे, म्हणजे सणानेही गोष्टीला एक ठरीव साचा दिलाय.

गोष्ट खोटी आहे असं म्हणत नाहीये मी, घाबरू नका. नोत्सेला भिंतीचे अवशेष आहेत. फक्त भिंत सापडली म्हणून आगोकोली सापडत नाही.

जिथे जुळत नाही तिथे खणा. आन्लोंच्या कुळांत ब्लू आणि झेवी आहेत, त्यांचे पूर्वज नोत्सेचे नाहीत, बाहेरून येऊन सामावले गेले. स्थलांतराच्या गोष्टीत नोत्सेच्या आधी तादो हे ठिकाण येतं, त्याआधी केतू, आणि तादोशी तर शेजारच्या बेनिनमधले 'फोन' लोकही नातं सांगतात. खरी मजा इथे आहे.

एवे थेट इजिप्तहून आले असं सांगणारे व्हिडिओ कृपया बघत बसू नका. आणि पहिल्याच ड्राफ्टला 'छान' म्हणणारा गाईड मिळाला तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, माझ्या गाईडने फक्त 'सांगणारे कुठल्या शाळेत शिकले?' एवढंच विचारलं आणि अख्खा चॅप्टर गेला. रडू आलं, पण नीट लिहिता येतं नंतर, खरंच. जर्मन येत नसेल तरी अडत नाही, इंग्रजीत बरंच आहे. रेकॉर्डिंग करताना मात्र प्रत्येकाला विचारा, हे तुम्हाला कुणी सांगितलं आणि तेव्हा तुम्ही केवढे होतात, आणि उत्तर गोष्टीच्या शेजारीच लिहून ठेवा.