घरात कोणी घोरत असेल तर आधी हे करा
घोरतो म्हणजे गाढ झोपलाय, असं आमच्या फोंड्यात अजून सर्रास बोलतात आणि मला त्याचीच भीती वाटते. रात्री उशाशी मोबाईल रेकॉर्डिंगला लावा, सकाळी नीट ऐका. आमच्या बाबांचं घोरणं मधेच बंद, सगळं चिडीचूप, नुसता पंख्याचा आवाज आणि मग एकदम धाप लागल्यासारखा मोठा श्वास, ऐकून माझे हातपाय गार पडले. असा श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबत असेल, तेही परत परत, तर स्लीप ॲप्निया असू शकतो, म्हणजे घसा आतून मिटतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि बीपी उसळतं, रात्रभर हेच चालू, मग हार्टला आराम मिळणार कधी? गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नसेल तर डॉक्टरांना हे सांगाच. क्लिप घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, स्लीप स्टडीचं, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीचं विचारा. तासाला 30 किंवा जास्त वेळा श्वास अडकला तर सिव्हिअर धरतात. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं ते) सांगितलं तर लावाच, सुरुवातीला मास्क टोचतो तरी. तोवर कुशीवर झोपवा आणि रात्रीची फेणी बंद, तिने घसा अजून सैल पडतो.